ताजी चूक

बाईंना काही मोडलेलं दिसलं की आनंद व्हायचा. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली, लग्नाच्या हॉलमध्ये माइक बंद पडला, हॉटेलातला नळ फिरवल्यावर हातातच आला, की आजूबाजूचे लोक चुकचुकत. बाई पर्स खांद्यावर सरकवून पुढे होत आणि म्हणत, "आनंद आहे!" मग ते नेमकं कधी बंद पडलं, त्याआधी कोणी काय केलं होतं, परत तसंच केलं तर परत बंद पडतं का, याची चौकशी सुरू होई. त्यात दुष्टपणा नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की, मोडणारच असेल तर आपल्यासमोर मोडावं.

अंधेरी पूर्वेच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत त्या टेस्टिंग टीमच्या प्रमुख होत्या. कंपनी हाउसिंग सोसायट्यांसाठी अॅप बनवायची. गेटवर पाहुणा आला की वॉचमन त्याचं नाव फोनमध्ये टाकतो, घरच्या माणसाच्या फोनवर घंटी वाजते, तो हो किंवा नाही दाबतो. पाणी येणार नाही, मीटिंग आहे, गाडी चुकीच्या जागी लावली आहे, अशा सूचनाही त्याच अॅपवरून सगळ्या सभासदांना जातात. सूचनेखाली सभासद उत्तरं लिहितात आणि ती सगळ्यांना दिसतात. लोकांच्या हाती जाण्याआधी हे कुठे कुठे फसतं ते शोधणं हे टीमचं काम.

बाईंची पन्नाशी उलटली होती. या नोकरीआधी घाटकोपरच्या एका मराठी शाळेत त्या गणित शिकवत. वर्ग एकेक करून बंद पडत गेले तेव्हा त्यांनी निम्म्या वयाच्या मुलांबरोबर बसून टेस्टिंगचा कोर्स केला. म्हणून ऑफिसात मॅनेजरपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणत. शाळेतली एक पद्धत त्यांनी बरोबर आणली होती. काही चुकलं की त्या खुर्चीतून उठून विचारत, "कोणी केलं? हात वर." ज्याने केलं असेल तो हात वर करी. बाई म्हणत, "बरं. बस." विषय तिथे संपे. त्या माणसाला नंतर कोणी टोमणा मारला तर मात्र टोमणा मारणाऱ्याची धडगत नसे.

मी त्या टीममध्ये टेस्टर नव्हतो. एका वर्तमानपत्राच्या शहर डेस्कवर होतो. पेपर बंद झाला आणि अॅपची माहितीपत्रकं व टीमचे अहवाल लिहायला इथे आलो. बाई मला पेपरवाल्या म्हणत.

जेवणाच्या सुट्टीत ऑफिसखालच्या उडप्याकडे बाई वेटरचीही परीक्षा घेत.

"एक इडली आण. सांबार नको."

"हो."

"चटणी पण नको."

"बरं."

"इडली पण नको. आता काय आणशील?"

"बिल आणतो, बाई," वेटर म्हणाला.

"पास!" बाई म्हणाल्या आणि खरंच खूश झाल्या.

नेटवर्क गेल्यावर सूचनांचं काय होतं हे पाहायला त्या आरे कॉलनीतून जाणाऱ्या बसने फोन हातात धरून फेऱ्या मारत. वाकोल्याच्या पुलाखाली रिक्षा थांबवून "आता उलटं फिरव" असं सांगत आणि रिक्षावाला काय म्हणतो ते ऐकत. तो जे म्हणे ते छापण्याजोगं नसे. कुठलंही काम पूर्ण झालं असं त्यांनी कधी म्हटलं नाही. मॅनेजरने विचारलं, "बाई, झालं ना?" की उत्तर ठरलेलं असे, "अजून पडलं नाही. एवढंच."

आणखी एक वाक्य त्या शाळेपासून म्हणत आल्या होत्या. ज्याला उत्तर माहीत असतं तो प्रश्न वाचत नाही. गणितात हुशार मुलं नापास होतात ती याच्यामुळे, असं त्यांचं मत. नव्या टेस्टरला पहिल्या दिवशी हेच ऐकवलं जाई. पडद्यावरचं प्रत्येक अक्षर वाच. काय असणार हे ठाऊक असेल तर दोनदा वाच.

चाचणीसाठी खोटी माणसं लागतात. सगळीकडे टेस्टर ‘टेस्ट एक’, ‘टेस्ट दोन’ अशी नावं टाकून मोकळे होतात. बाईंना ते चालत नसे. अशा नावांवरून डोळा घसरतो, म्हणत. त्यांनी एक आख्खी सोसायटी रचली होती. तिला मुंबईच्या उपनगरांत दर दुसऱ्या गल्लीत सापडेल असं नाव दिलं होतं. तिच्यात गच्चीवर पापड वाळत घालून भांडण काढणाऱ्या एक काकू होत्या, रात्रपाळीचा एक नवरा होता, आणि तीनशे दोनमध्ये सरपोतदार आजोबा होते. आजोबा एकटे राहत. पाण्याची तक्रार सगळ्यात आधी त्यांची येई. त्यांना कुरिअर येई, गॅसवाला येई, एकदा गेटवर त्यांच्या शाळेतला मित्र आला आणि आजोबांनी चुकून ‘नाही’ दाबलं. हे सगळं बाई रचत आणि जेवताना सांगत. टीममध्ये वेसाव्याच्या कोळीवाड्यातली एक मुलगी होती. बोलायला फटकळ, कामाला चोख. ती डबा उघडताना विचारी, "काय बाई, आजोबांची खबर काय?" आणि बाई मनापासून सांगत.

त्या वर्षी कंपनीने टीमला जुहूच्या एका हॉटेलात टेस्टर लोकांच्या परिषदेला पाठवलं. गळ्यात पट्टे, पिशवीत फुकटची बाटली, मंचावर एकामागून एक वक्ते. दोन भाषणं मॅनेजरच्या मनात भरली. पहिलं असं होतं की, अॅपची आतली प्रत काढून तिच्यावर चाचणी घेणं पुरेसं नाही. लोक जे वापरतात त्या खऱ्या अॅपवरच, कुंपण घालून, चाचणी घ्यावी. दुसरं असं की, गडबड झाल्यावर कोणाची चूक हे विचारू नये. बैठकीत नावं घेऊ नयेत. काय घडलं तेवढंच बोलावं, म्हणजे लोक घाबरून लपवत नाहीत.

पहिलं भाषण बाईंनाही पटलं. आतली प्रत फार स्वच्छ असते अशी त्यांची जुनीच तक्रार होती. "तिथे कोणी राहत नाही रे. जिथे कोणी राहत नाही तिथे काय बिघडणार?" दुसऱ्या भाषणाच्या वेळी त्या टाळ्या न वाजवता बसून होत्या.

परत आल्यावर प्रत्येकाने काय शिकलो ते सांगायचं होतं. रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर लावल्या गेल्या. बाईंची पाळी आली तेव्हा त्यांच्या हातात चिठ्ठी नव्हती.

"मंचावर प्रत्येकाने आपली चूक सांगितली," त्या म्हणाल्या. "लोक हसले, टाळ्या पडल्या. पण एकाची तरी चूक ताजी होती का? सगळ्यांच्या जुन्या, निस्तरलेल्या. वाळवून आणलेल्या."

"सुकट, बाई, सुकट," वेसाव्याची मुलगी म्हणाली. "ताजी कोण आणणार हॉटेलात? वास येतो ना."

सगळे हसले. मॅनेजरही हसला. मग त्याने सांगितलं की पुढच्या महिन्यापासून खऱ्या अॅपवर चाचण्या होतील आणि ‘हात वर’ बंद.

बाईंची सोसायटी खऱ्या अॅपवर वसवली गेली, सरपोतदार आजोबांसकट. कुंपण म्हणजे एवढंच की त्या सोसायटीतल्या सगळ्या सभासदांचे फोन टीमचेच होते. सूचना गेली तरी आमच्याच खिशात वाजणार.

पुढे अॅपमध्ये निधनाच्या सूचनेची सोय आली. सोसायटी निवडायची, फ्लॅट निवडायचा, नाव अॅप स्वतःच भरतं, वर समईचं चित्र येतं. तिची चाचणी बाई बरेच दिवस पुढे ढकलत होत्या. शेवटी एका दुपारी जेवताना म्हणाल्या, "उद्या सकाळी सरपोतदार आजोबा जाणार."

"काय हो बाई!" वेसाव्याची मुलगी म्हणाली. "त्या पापडवालीला मारा ना. आजोबांनी काय केलंय?"

"वय कुणाचं जास्त आहे?" बाई म्हणाल्या. त्यांनी डबा अर्धा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सोसायटी निवडली, तीनशे दोन निवडलं, बटण दाबलं. टीमचे सगळे फोन टेबलावर मांडलेले होते. एकही वाजला नाही. बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली आणि टाळी वाजवली.

"आनंद आहे! मेसेज गेलाच नाही."

मेसेज गेला होता. त्या आठवड्यात मुलुंडची एक सोसायटी नव्याने अॅपवर आली होती. तिचं नाव तेच होतं. दर दुसऱ्या गल्लीत सापडणारं. यादीत ती बाईंच्या सोसायटीच्या अगदी वर आली होती आणि बाईंनी तीच निवडली होती. फ्लॅट निवडल्यावर अॅपने तीनशे दोनमधल्या खऱ्या गृहस्थांचं नाव भरलं, ते पडद्यावर ठळक अक्षरांत आलं आणि बटण दाबेपर्यंत बाईंच्या डोळ्यांसमोर होतं. त्यांनी ते वाचलं नाही. तीनशे दोनमध्ये कोण राहतं हे त्यांना माहीत होतं.

मुलुंडला वॉचमनने कंपाउंडमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. वरच्या मजल्यावरच्या काकू हार घेऊन खाली आल्या. बेल वाजली तेव्हा तीनशे दोनमधले आजोबा दाढी करत होते. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून त्यांनी दार उघडलं. नंतर सोसायटीच्या सेक्रेटरींनी कंपनीला फोन केला, तो मॅनेजरने घेतला. तो बोलत असताना बाई त्याच्या काचेच्या केबिनबाहेर उभ्या होत्या. आतून काही ऐकू येत नव्हतं. त्या आपल्या जागेवर गेल्या, मुलुंडला पोचलेली सूचना पडद्यावर उघडली, आणि या वेळी नाव वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्यांनी पदराने पडदा पुसला.

दुपारी बैठक झाली. परिषदेत शिकल्याप्रमाणे, नावं न घेता. मॅनेजरने फळ्यावर लिहिलं, ‘काय घडलं?’ बाईंचा हात वर होता.

"बाई, हात नको," मॅनेजर म्हणाला. "आपलं ठरलंय ना? माणूस चुकत नाही. सिस्टिम चुकते."

"मी केलं."

"बाई, प्लीज. नावं नाहीत. दोन सोसायट्यांची नावं सारखी असू शकतात, हे अॅपला कळायला हवं होतं. तो मुद्दा आहे."

"तो मुद्दा आहेच. लिही तो. पण नाव पडद्यावर होतं आणि मी वाचलं नाही. ही ताजी आहे रे. वाळायच्या आधी घे."

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. तो त्यांना वाचवतच होता. त्याने फळ्याकडे तोंड केलं आणि पुढचा मुद्दा लिहिला. बाईंचा हात बराच वेळ वर राहिला. त्यांना ‘बरं, बस’ म्हणायला त्या खोलीत कोणी नव्हतं. वेसाव्याची मुलगी टेबलाखाली बघत बसली.

अहवाल मी लिहिला. चाचणीचा एक संदेश अनवधानाने प्रत्यक्ष सभासदांपर्यंत पोचला, असं त्याचं पहिलं वाक्य होतं. सोसायटीला गेलेल्या पत्रातही तेच वाक्य होतं, पुढे दिलगिरी होती. बाईंनी पत्र वाचून परत दिलं.

"चांगलं लिहिलंय. यात मी कुठे आहे?"

मुलुंडला जाऊन माफी मागू का, असं त्यांनी विचारलं. कंपनीने नको म्हणून सांगितलं. एका व्यक्तीने माफी मागितली तर एका व्यक्तीची चूक ठरते, असं वकिलाचं म्हणणं पडलं. त्यानंतर बाई काम करत होत्या, चुका शोधत होत्या, पण सापडली तर नुसती नोंद करत. ‘आनंद आहे’ पुन्हा ऐकू आलं नाही. सरपोतदार आजोबांबद्दल कोणी विचारत नव्हतं. उडप्याच्या वेटरने एकदा आपणहून विचारलं, "बाई, इडली पण नको का?" बाई म्हणाल्या, "इडली आण. सांबारही आण."

एका शुक्रवारी संध्याकाळी त्या माझ्या टेबलाशी आल्या.

"पेपरवाल्या, रविवारी मुलुंडला चल. साक्षीदार पाहिजे."

"बाई, कंपनीने नाही म्हटलंय."

"म्हणूनच रविवारी."

गेटवर वॉचमनने आमचंच अॅप पुढे केलं. नाव, फोन, कोणाकडे. मग कामाचं कारण. पर्याय होते पाहुणे, कुरिअर, दुरुस्ती, घरकाम, इतर. बाईंनी तो पडदा शंभर वेळा तपासला असेल. त्यांचं बोट ‘दुरुस्ती’पाशी थांबलं, मग त्यांनी ‘इतर’ दाबलं आणि समोर लिहिलं, माफी.

वॉचमनने वाचलं. "हे काय असतं?"

"पाठव तू."

वर घंटी वाजली असावी. थोड्या वेळाने ‘हो’ आलं.

आजोबांनी दार उघडलं. बारीक, ताठ, बाहीचा गंजीफ्रॉक. आम्हाला बसायला सांगून स्वतः उभे राहिले. बाई बसल्या नाहीत. त्यांनी हात वर केला, वर्गात करतात तसा, कोपरापासून सरळ.

"तो मेसेज मी पाठवला. नाव समोर होतं. मी वाचलं नाही."

आजोबांनी आधी त्या हाताकडे पाहिलं.

"बरं," ते म्हणाले. "हात खाली करा. दुखेल." मग म्हणाले, "माझ्या जागी कोण जायचं होतं?"

"कोणी नाही. मी मनाने बनवलेले एक आजोबा होते."

"ते आहेत का अजून?"

"नाही. काढून टाकलं त्यांना."

"म्हणजे गेलेच की." ते किंचित हसले. त्या सकाळचं त्यांनी स्वतःच सांगितलं. वरच्या काकूंनी हार पाठीमागे लपवला आणि विचारलं, दूध आलं का तुमच्याकडे? खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी शववाहिनीच्या वॅनवाल्याला फोन करून परत पाठवलं. खुर्च्या मांडल्याच होत्या, म्हणून चार माणसं खालीच बसून चहा प्यायली, आजोबाही बसले.

"त्याचं काही नाही हो," ते म्हणाले. "हसण्यासारखंच आहे. मुलाचं तेवढं राहिलं."

मुलगा बोरिवलीला राहत होता. फ्लॅट त्याच्याही नावावर असल्याने सूचना त्याच्याही फोनवर गेली. त्याने वडिलांना फोन केला नाही, शेजाऱ्यांनाही केला नाही. सूचनेखाली उत्तर लिहिलं. आज मीटिंग टाळता येणार नाही, माझ्यासाठी थांबू नका, सुरुवात करा. कंपनीने सूचना काढून टाकेपर्यंत ते सगळ्या सोसायटीने वाचलं. आजोबांनीही वाचलं, साबण पुसून, चष्मा लावून.

"खरं कळल्यावर आला धावत. पेढे घेऊन. आता दर रविवारी येतो. आधी दिवाळीला यायचा. येतो, तिथे बसतो, पेपर वाचतो, जातो. लिफ्टमध्ये कोणी असलं तर जिन्याने येतो." आजोबा खिडकीतून खाली पाहत होते. "मी काही म्हटलं नाही त्याला. काय म्हणणार? पण ते त्याचं तोंड मला बघवत नाही, बाई."

बाईही खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"तुमच्या मशीनने एक खोटं लिहिलं," आजोबा म्हणाले. "खालचं उत्तरही मशीननेच लिहिलं असं नाही का होऊ शकत? म्हणजे, तेही तुमच्या टेस्टिंगमधलं. तुम्ही कंपनीचं माणूस. तुम्ही म्हटलंत तर लोक ऐकतील."

खोटी माणसं रचणं हा बाईंचा रोजचा उद्योग होता. पण काय घडलं यात त्यांनी कधी एका शब्दाची फिरवाफिरव केलेली मला ठाऊक नाही, आणि दुसऱ्याने केलेली त्यांनी खपवून घेतली नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. साक्षीदार म्हणून आणलेला माणूस सतरंजीकडे बघत होता.

बेल वाजली. चाळिशीचा एक माणूस, हातात फळांची पिशवी, जिना चढून दम लागलेला. वरच्या काकू त्याच्या मागोमाग जिन्यावर थांबल्या होत्या. कोण आलंय हे गेटवरून त्यांना कळलं असणार. आजोबा म्हणाले, "ह्या त्या कंपनीच्या बाई."

बाईंनी पुन्हा हात वर केला. जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात त्या म्हणाल्या, "तो मेसेज माझा होता. आणि त्याच्याखाली तुमच्या नावाने जे उत्तर आलं, तेही टेस्टिंगचंच होतं. तेही मीच लिहिलं होतं."

मुलाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते वाक्य कोणी लिहिलं हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. वरच्या काकू म्हणाल्या, "तरीच! मला वाटलंच होतं," आणि वर निघून गेल्या. संध्याकाळपर्यंत ते सोसायटीभर होणार होतं.

"बघ," आजोबा मुलाला म्हणाले. "मी म्हणत होतो ना." ते कधीच काही म्हणाले नव्हते.

मुलाने पिशवी टेबलावर ठेवली. "चहा टाकतो," असं पुटपुटून तो आत गेला. आतून डबे उघडल्याचे, झाकणं लावल्याचे आवाज येत राहिले. मग त्याने विचारलं, "बाबा, साखर कुठे असते?"

आजोबांनी जागा सांगितली. बाई चहासाठी थांबल्या नाहीत.

जिना उतरताना त्या दर पायरीवर कठड्याला हात लावत होत्या. गेटवर वॉचमनने आमच्या नावांपुढे बाहेर गेल्याची खूण केली आणि विचारलं, "झालं काम?" बाईंनी नेहमीचं उत्तर दिलं नाही. त्या सरळ गेटबाहेर पडल्या.

पुढच्या महिन्यात त्यांनी कंपनी सोडली. निरोपाच्या वेळी मॅनेजरने भाषण केलं, वेसाव्याची मुलगी रडली. मी बाईंना विचारलं की, मुलुंडचं कधी लिहिलं तर चालेल का? त्यांनी विचार केला.

"लिही. पण नावं घालू नकोस."

आयुष्यभर ‘कोणी केलं?’ विचारणाऱ्या बाई हे म्हणाल्या. म्हणून या मजकुरात त्यांचं नाव नाही, मुलुंडच्या आजोबांचं नाही, त्यांच्या मुलाचं नाही. नाव आहे ते फक्त सरपोतदार आजोबांचं. ते नाव वाचून लाज वाटेल असं त्यांच्यामागे कोणी उरलेलं नाही.